दगडखाणीतला रेडा

श्टुटगार्टला मी धातूंवर डॉक्टरेट करत होतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. त्या काळात जवळजवळ सव्वा वर्ष दर रविवारी दुपारी मी रेडा होत असे. आफ्रिकेतला रानरेडा.

त्सुफेनहाउझेन या उपनगरात एका विधवा बाईंच्या घरी माझी खोली होती. बाईंचा थोरला भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा. पासष्टीचा, उंच, वाळून गेलेला माणूस. पूर्व आफ्रिकेत कॉफीच्या मळ्यावर वाढलेला. तिथे तो आयुष्यभर हत्ती आणि रानरेडे मारत आला होता आणि युरोपातून येणाऱ्या पाहुण्यांना मारायला शिकवत आला होता. लढाईत मळा गेला, माणूस छावणीत गेला, आणि छावणीतून सुटल्यावर त्याला जर्मनीत आणून सोडलं. ज्या देशात तो फक्त सुट्टीला येऊन गेला होता, तोच आता त्याचा देश होता. बहिणीच्या घरातल्या दोन खोल्यांत तीन रायफली, एक चामड्याचा काडतूसपट्टा आणि रेड्याची एक कवटी घेऊन तो राहत होता.

जर्मनीत तेव्हा पुन्हा पैसा खेळू लागला होता. कारखानदार, डॉक्टर, बांधकामवाले अशी माणसं आफ्रिकेला शिकारीला निघत. घरच्या जंगलात त्यांनी हरणं आणि डुकरं पाडलेली असत. पण जखमी रेडा झुडपातून थेट अंगावर आला तर पायांनी काय करायचं, बोटांनी काय करायचं, हे कुणालाच माहीत नसे. ते हा म्हातारा शिकवायचा.

एकदा जिन्यात बाई म्हणाल्या, "माझ्या भावाला रविवारी धावायला माणूस हवाय. तुम्ही सडपातळ आहात. नंतर माझ्याकडे कॉफी आणि केक."

मी हो म्हणालो ते केकसाठी नाही. माझे वडील चांद्याकडे फॉरेस्ट रेंजर होते. घरात सरकारी रायफल असायची, कुलपात. मी मॅट्रिक झालो, इंजिनियर झालो, तरी त्यांनी मला कधी तिला हात लावू दिला नाही. "तुझे हात पेनचे आहेत," म्हणायचे. जर्मनीत तरी रायफल हातात येईल, एवढाच माझा हिशोब होता.

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी त्याला 'झी' म्हणजे 'आपण' म्हणत होतो, तो मला पहिल्या वाक्यापासून 'दू', म्हणजे 'तू'.

"आमच्याकडे गावोगाव इंडियन दुकानदार होते," तो म्हणाला. "पळायचे चांगले."

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण होती. तिथे त्याची गाडी ठेवलेली असे. मोटरसायकलची दोन चाकं, वर लाकडी सांगाडा आणि पुढे प्लायवूडमधून कापलेला रेडा, समोरून दिसतो तसा: छाती, खांदे, वर केलेलं नाक, शिंगं. शिंगं खरी होती. मी मागून वाकून ती गाडी ढकलत चाळीस पावलं उतारावरून पळायचं, थेट रायफल घेतलेल्या माणसावर. त्यानं दुनळी रायफल खांद्याला लावायची, नेम धरायचा, चाप ओढायचा, खट्ट आवाज झाला की दुसरी नळी, पुन्हा खट्ट, मग रायफल उघडून डाव्या हाताच्या बोटांमध्ये धरलेली दोन काडतुसं आत सरकवायची. तोवर मी त्याच्यापर्यंत पोचलो असेन तर तो मेला. म्हातारा तसं मोठ्यानं सांगायचा, "टोट." मेलास.

काडतुसं अर्थातच खोटी असत. सरावासाठी बनवलेली, पितळी, आत दारू नाही, मागे चाप ओढल्यावर पेटणाऱ्या टोपीच्या जागी शिंगाचा तुकडा. रविवारी गोळीचा आवाज काढायला जर्मनीत मनाई, म्हणून रविवारी नुसती खटखट आणि शनिवारी शूटिंग रेंजवर खरी गोळी.

त्याचे नियम मला अजून पाठ आहेत. रायफलीला पट्टा नको, काट्यात अडकतो. बुटाला खिळे नकोत. खिशात किल्ल्या, नाणी, काहीही वाजणारं नको. उजव्या खांद्यावर शर्टाला बटण नको, धक्क्यानं हाडात घुसतं. नळीच्या टोकाशी नेम धरायची जी माशी असते तिचा मणी पांढरा हवा, हाडाचा, कारण झुडपातल्या सावलीत काळा मणी दिसत नाही. रेडा डोकं खाली घालून येत नाही. नाक वर करून, तुमच्याकडे बघत येतो, तेव्हा नाकावर मारा. शिंगांच्या मुळाशी माराल तर गोळी कवटीवरून घसरून जाईल आणि तुम्हाला तो तसाच बघत येताना दिसेल. आणि सगळ्यांत मोठा नियम: कुणीही हातात दिलेलं काडतूस न बघता आत घालायचं नाही. आईनं दिलं तरी.

मला त्यानं नावानं कधी हाक मारली नाही. 'ब्युफेल' म्हणायचा, म्हणजे रेडा.

तिसऱ्या महिन्यात एनॅमलची भांडी बनवणारा एक कारखानदार आला. गोरापान, घामट, भला माणूस. दर फेरीनंतर मला विचारायचा, "दमलात का?" त्या रविवारी पाचव्या की सहाव्या फेरीला मी गाडी घेऊन उतारावरून निघालो. डोकं खाली, डोळ्यांसमोर फक्त पळणारी जमीन. दहा-बारा पावलं उरली असतील, तेव्हा फाडकन आवाज झाला आणि माझ्या कपाळासमोरच्या प्लायवूडवर काहीतरी आदळलं.

मी खाली पडलो. गाडी पुढे जाऊन कलंडली. मला वाटलं लागली. कुठे ते कळत नव्हतं, म्हणून मी हातांनी पोट चाचपत होतो. मग पायांत ऊब लागली आणि तेच रक्त असं वाटलं. ते रक्त नव्हतं.

कारखानदार रायफल टाकून गुडघ्यांवर बसला होता आणि उलट्या करत होता. म्हातारा सावकाश चालत आला. माझ्याजवळून पुढे गेला, कलंडलेली गाडी सरळ केली, आणि रेड्याच्या नाकाखाली चिकटलेला पांढरा ठिपका बोटांनी मोजला.

"दोन बोटं खाली," तो कारखानदाराला म्हणाला.

ते मेण होतं. खऱ्या काडतुसातली दारू काढून, गोळीच्या जागी मेण भरून, फक्त मागची टोपी जिवंत ठेवलेलं काडतूस त्यानं इतर काडतुसांबरोबर त्या माणसाच्या हातात दिलं होतं. रंग वेगळा, वजन वेगळं, मागे शिंगाच्या जागी चकचकीत तांबं. नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं.

"तुम्ही बघितलं नाहीत," तो म्हणाला. "आज एक माणूस मारलात. आता जन्मात विसरणार नाही."

कारखानदार खरंच विसरला नसेल. आठवड्यानं त्यानं माझ्या पत्त्यावर लोकरीचा ओव्हरकोट पाठवला. तो मी नऊ हिवाळे वापरला.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू माहीत असलेल्या माणसासारखा पळाला असतास."

त्याच दिवशी सोडून द्यायला हवं होतं. पण ओली पँट घेऊन ट्रामनं परत येताना माझ्या मनात एकच गोष्ट होती: आता हा माझं देणं लागतो. पुढच्या रविवारी मी त्याला म्हणालो, "मला शिकवा. सगळं. खऱ्या गोळीसकट."

तो म्हणाला, "गूट." म्हणजे ठीक.

हिवाळाभर त्यानं मला शिकवलं. पाच किलोची रायफल खांद्याला लावून उभं करायचा आणि स्वतः दगडावर बसून सफरचंद सोलून खायचा; ते संपेपर्यंत नळी हलायची नाही. हात थरथरून नळी खाली आली की सफरचंद पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे दुसरं. चापाच्या कडीत बोट आधी गेलं की नळी साफ करायच्या लोखंडी गजानं बोटाच्या पेरावर मारायचा. चढ चढायला लावून, धाप लागलेली असताना नेम धरायला लावायचा. शनिवारी रेंजवर त्यानं मला पहिली खरी गोळी दिली तेव्हा कसं उभं राहायचं ते मुद्दाम सांगितलं नाही. धक्क्यानं मी मागे बसलो आणि माझा ओठ फाटला. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं. मी शिकलो मात्र. उन्हाळ्यापर्यंत मी डोळे मिटून दोन काडतुसं आत घालू शकत होतो आणि त्यातलं खोटं कुठलं ते बोटांनी सांगू शकत होतो.

गाडी अजून मीच ढकलत होतो. पण मेणाच्या त्या दिवसानंतर मी तिच्यात एक बदल केला होता. रेड्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये, माझे डोळे येतील त्या उंचीवर, करवतीनं बोटभर रुंद फट पाडली. समोरचा माणूस काय करतोय ते मला बघायचं होतं. म्हाताऱ्याला ती आवडली नाही, पण त्यानं बुजवलीही नाही.

त्या शरद ऋतूत आमच्या संस्थेत पुण्याहून एक संशोधक आला. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. लग्न होऊन चार महिने झालेले, बायको मागे. अतिशय व्यवस्थित माणूस. बोलणं हळू, दोघांमध्ये 'तुम्ही' हेच. रविवार त्याला खायला उठायचा. दुकानं बंद, संस्था बंद, खोलीत स्वयंपाकाला बंदी. मी त्याला बाईंच्या कॉफीला घेऊन आलो. म्हाताऱ्यानं जिन्यातून त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "हा हलका आहे. हा पळेल. तू आता माझ्या बाजूला उभा राहा."

मला त्याचा फार आनंद झाला. बढती मिळाल्यासारखा. मी आता ग्राहकाच्या शेजारी उभा राहून काडतुसं देणार होतो, पाय सरळ करणार होतो, "टोट" म्हणणार होतो.

पुणेकर चार रविवार पळाला. तक्रार नाही. "व्यायाम होतो," म्हणायचा. पाचव्या रविवारी एक दातांचा डॉक्टर होता, उत्तम नेमबाज आणि तसाच बेफिकीर. खाणीत पोचल्यावर म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं आणि माझ्या तळहातावर एक काडतूस ठेवलं. वजनानंच मला कळलं.

"तिसऱ्या फेरीला हे दे," तो म्हणाला. "बघू बघतो का."

दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीसाठी पुणेकर गाडी ओढत वर निघाला होता. माझ्याजवळ थांबला, कपाळ पुसलं. दरवेळी विचारायचा तसंच विचारलं, "सगळं रिकामं आहे ना?"

मराठीत विचारलं. तिथे उभ्या असलेल्या दोघांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. मी "नाही" म्हटलं असतं, "या वेळी डोकं खाली ठेवा" म्हटलं असतं, तर कुणाला काही समजलं नसतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

मी म्हणालो, "हो, रिकामं आहे."

मी नंतर पुष्कळ कारणं शोधली. म्हाताऱ्याची भीती, डॉक्टरच्या धड्याचं महत्त्व. ती सगळी खोटी आहेत. मी त्यातून गेलो होतो. दुसरा कुणी जाताना मला बघायचं होतं, आणि या बाजूनं बघायचं होतं.

डॉक्टरनं काडतूस बघितलं नाही. पुणेकर उतारावरून निघाला. फटीतून त्याचे डोळे दिसत होते. डॉक्टरनं नाकावर नेम धरला असणार, पण हात धक्क्याच्या सवयीनं वर गेला. फाडकन आवाज झाला. मेण फटीच्या कडेवर बसलं आणि प्लायवूडची कपची उडाली.

तो पडला नाही. गाडी सोडून सरळ उभा राहिला, डाव्या डोळ्यावर हात धरून. ओरडला नाही. मराठीत एवढंच म्हणाला, "काहीतरी गेलंय आत. बघा जरा."

इस्पितळात दातांच्या डॉक्टरच्याच मोटारीतून नेलं. वाटेत म्हातारा पुढच्या सीटवरून मागे न वळता मला म्हणाला, "लाकडाची कपची. दुसरं काही नाही." पुणेकराचं जर्मन तेव्हा दुकानापुरतं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय करत होता, कसं लागलं. तो मला मराठीत सांगू लागला, "बार झाला, रायफलीतून काहीतरी आलं, त्यांना सांगा." मी जर्मनमध्ये सांगितलं, "प्लायवूड कापत होता. कपची उडाली." बाईंनी लिहून घेतलं. तो माझ्या तोंडाकडे उरलेल्या डोळ्यानं बघत होता. त्याला वाटलं मी त्याचं सांगतोय.

डोळा राहिला, नजर राहिली नाही. उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही.

संध्याकाळी खाटेवर त्यानं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी ग्राहक ठरलेला होता, म्हणून गाडी मी ढकलली. फट आधी पट्टी ठोकून बुजवली. म्हाताऱ्यानं ती पाहिली आणि म्हणाला, "आता बरी दिसते." मग म्हणाला, "तुमच्या संस्थेत इंडियन पुष्कळ आहेत. आणखी एक आण." तेव्हा मी सोडलं. बाईंना महिन्याची नोटीस दिली आणि दुसरीकडे खोली घेतली. म्हाताऱ्यानं जिन्यात हात पुढे केला होता. मी तो घेतला, हेही लिहायला हवं.

वसंतात पुणेकराची बायको आली. त्यांना दोन खोल्यांचं घर मिळालं, स्वयंपाकघर मजल्यावर सगळ्यांना मिळून एक. पहिल्याच रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. ती मला भावजी म्हणाली. "यांच्या आजारपणात तुम्ही होतात म्हणून," असं म्हणून तिनं मला वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले, पण उशीर झाला होता.

ती पापड तळायला गेली तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. काडतूस, तळहात, "हो, रिकामं आहे," इस्पितळातली कपची. तो वरणभात कालवत होता. कालवणं थांबलं नाही.

"हिला सांगू नका," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी या."

मला वाटलं त्यानं क्षमा केली. घरी जाताना मी रस्त्यात रडलो, इतका हलका झालो होतो.

पुढच्या रविवारी बायको पोळ्या लाटायला गेली आणि त्यानं शांतपणे विचारलं, "मेण कसं भरत होता तो? गरम करून की थंड?"

मी सांगितलं. तेवढा एकच प्रश्न. मग बायको आली आणि तो हवेवर बोलू लागला.

त्यापुढचा रविवार: "फट तुम्ही पाडलीत का त्यानं?" मी पाडली. "किती रुंद?" बोटभर. त्यापुढचा: "मी विचारलं तेव्हा माझ्याकडे बघून हो म्हणालात का दुसरीकडे बघून?" मला आठवत नव्हतं. "आठवून ठेवा, पुढच्या वेळी सांगा." आणि पुढच्या वेळी त्यानं आठवणीनं विचारलं. "तुमच्या वेळी किती पावलांवरून बार झाला?" "आवाज आधी ऐकला का धक्का आधी?" "मी उभा राहिलो तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" "म्हातारा आधी माझ्याकडे आला का गाडीकडे?"

"गाडीकडे," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

मीही गाडीकडे बघितलं होतं. मेण कुठे बसलं ते.

एखादा यंत्राचा भाग का तुटला हे शोधताना आम्ही संस्थेत जसे तुकडे मांडायचो, तसं चाललं होतं त्याचं. आवाज चढला नाही, 'तुम्ही'चं 'तू' झालं नाही, ताटात तूप कमी पडलं नाही. नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा सर्दीचं निमित्त केलं तर बायकोच काढा घेऊन ट्रामनं आली. दीड वर्ष मी दर रविवारी त्या टेबलाशी बसलो. त्याच्या डाव्या बाजूची खुर्ची माझी असे. तो मला बघायचा तेव्हा पूर्ण मान वळवून बघायचा.

एका रविवारी बायको गोडाचं आणायला गेली. मी प्रश्नाची वाट बघत होतो. त्यानं रुमालानं हात पुसले.

"माझे प्रश्न संपले," तो म्हणाला. "आता येऊ नका."

मी बूट घातले आणि निघालो. सुटलो असं वाटायला हवं होतं. पुढचे कितीतरी रविवार मी दुपारी बारा वाजता कपडे करून खोलीत बसून राहत असे, जायला कुठे नसताना. कुणीतरी माझ्याकडून ते सगळं पुन्हा पुन्हा काढून घेत होतं तोवर ते सोसवत होतं. आता ते नुसतं माझ्यापाशी होतं.

आणखी वर्षभर आम्ही एकाच इमारतीत काम केलं. जिन्यात समोर आलो की तो नमस्कार करायचा. एकदा त्याची बायको त्याला डबा द्यायला आली होती, ती मला दारात भेटली.

"भावजी, हल्ली येत नाही तुम्ही. आमचं काही चुकलं का?"

"नाही हो. काम फार आहे," मी म्हणालो.

"हेही तेच सांगतात," ती म्हणाली, आणि डबा घेऊन वर गेली.